चंदाच्या डोक्याचा फोटो

गुणवंतराव बांबोळे चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या वीज केंद्रात मापयंत्रांच्या विभागात तंत्रज्ञ होते. बॉयलरच्या आत किती उष्णता आहे, नळीतल्या वाफेचा दाब किती आहे, हे बाहेरून सांगणाऱ्या तबकड्या आणि सुया नीट ठेवणं हे त्यांचं काम. कामावर नवीन लागलेल्यांना ते सांगत, "आत काय चालू हाय ते कोनी डोकावून पाहू शकत नाई. सुई सांगन ते खरं. सुई खराब असन तर बदला, पन अंदाजानं बोलू नोका."

त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली चांद्यात, म्हणजे आताच्या चंद्रपुरात, धम्मदीक्षा घेतली होती. जंगलातल्या गावातून पायी चालत जाऊन घेतली होती, आणि परत आल्यावर घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. तेव्हापासून त्या घरात ताईत नाही, नवस नाही, अंगारा नाही. गुणवंतरावांना बरीच वर्षं मूल नव्हतं. झाली ती एकच मुलगी. म्हाताऱ्यानं तिचं नाव दीक्षा घेतली त्या चांद्यावरून ठेवलं, चंदा.

चंदा वसाहतीच्या शाळेत दहावीला पहिली आली. पुढे चंद्रपूरच्या कॉलेजात सायन्सला जाऊ लागली. सकाळी केंद्राच्या बसनं जायची, दुपारी यायची, आल्याबरोबर वह्या काढून बसायची. गुणवंतरावांना तिला इंजिनियर करायचं होतं. तिलाही व्हायचं होतं.

शहाऐंशी सालच्या पावसाळ्यात, ती बारावीत असताना, तिनं बसनं जायचं बंद केलं. आई कमलाबाईंनी विचारलं तर म्हणाली, "बसमधल्या पोरी माह्याविषयी बोलतात."

"काय बोलतात?"

"सांगत नाई मी. वंगाळ बोलतात."

कमलाबाई दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत बसमध्ये जाऊन बसल्या. पोरी आपापल्या प्रॅक्टिकलचं बोलत होत्या, एक जण झोपली होती. पडोलीच्या फाट्याजवळ चंदानं आईचा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "आयकलं ना आता?" कमलाबाईंनी काहीच ऐकलं नव्हतं. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. तिला खरंच वाटत होतं की आईनं ऐकलं, आणि आता तरी आई काहीतरी करील.

त्या दिवसानंतर सगळं उतरणीला लागलं. चंदा केस धुवेना. पानात वाढलेलं तसंच ठेवून उठायची. दुपारी बाप ड्युटीवर असताना ती न्हाणीत जाऊन नळ सोडून बसायची, आणि पाण्याच्या आवाजाआड कोणाशी तरी बोलायची. एकदा अंबाडीची भाजी निवडता निवडता तिनं आईला सांगून टाकलं. एक बाई आहे आणि एक माणूस आहे. दोघं तिच्याशी बोलत नाहीत, तिच्याविषयी बोलतात. आता उठली. आता पानी पेते. आता मायजवळ चुगली करते.

"आत्ताही बोलून राह्यले का?" कमलाबाईंनी विचारलं.

"हो. म्हन्तात, आता हिची माय रडन."

कमलाबाईंना खरोखरच रडू येत होतं.

गुणवंतरावांची थोरली बहीण गुणाबाई सिंदेवाहीकडून आली. तिनं भाचीला पाहिलं आणि भावाला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, हे बाहेरचं हाय. आमच्या तिकडं एक जन उतरवून देतो. मी नेते तिले."

"माह्या बापानं ज्याच्यातून आपल्याले काढलं, त्याच्यातच मी पोरीले परत नेऊ?" गुणवंतराव म्हणाले. "आजार असन तर डॉक्टर हाय."

आणि ते तिला नागपूरला घेऊन गेले. त्या वेळी चंद्रपूर-गडचिरोलीकडे अशा आजाराचा डॉक्टर मिळणं कठीण होतं. नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर देशकर म्हणून बाई होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी नेसणाऱ्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आईबापांना बाहेर बसवलं आणि चंदाशी पुष्कळ वेळ बोलल्या. मग दोघांना आत बोलावून आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. म्हणाल्या, "या वयात सुरू होतो. कोणाच्या चुकीनं होत नाही. औषध घेतलं तर आवाज कमी होतील. औषध खूप दिवस घ्यावं लागेल, कदाचित कायमचं."

गुणवंतरावांनी विचारलं, "तपासणी कोनती केली तुमी?"

"बोलले तिच्याशी."

"रक्त? एक्सरे?"

"या आजाराची तशी तपासणी नाही, बांबोळे. आम्हाला बोलूनच कळतं."

नुसतं बोलून एवढा मोठा आजार ठरवायचा, हे गुणवंतरावांना पटलं नाही. पण औषध आणलं, आणि कमलाबाई ते वेळच्या वेळी देऊ लागल्या.

औषधानं फरक पडला. आवाज गेले नाहीत, पण दूर गेले. चंदाच्या भाषेत, "आधी कानात बोलत होते, आता बाजूच्या क्वार्टरात बोलतात." ती स्वतःहून केस विंचरू लागली. आईला पोळ्या लाटायला मदत करू लागली. मात्र तिचे हात थरथरायचे. मान ताठ राहायची, जीभ जड झाली होती, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ यायची. पेन धरलं की अक्षर वाकडंतिकडं जायचं. कमलाबाईंना पोळ्या लाटणारी लेक दिसत होती. गुणवंतरावांना थरथरणारं पेन दिसत होतं.

त्या सुमारास केंद्रातल्या एका इंजिनियरच्या वडिलांना लकवा मारला. नागपुरात एका खासगी ठिकाणी नवीन यंत्र आलं होतं, त्यात म्हाताऱ्याच्या डोक्याचे फोटो काढले. मेंदूत रक्त कुठं साकळलं ते त्यात जसंच्या तसं दिसलं. इंजिनियरनं ती काळी फिल्म ऑफिसात आणून दाखवली. गुणवंतरावांनी ती खिडकीशी धरून पुष्कळ वेळ पाहिली. कवटी न फोडता आतलं दिसत होतं. आयुष्यभर ते हेच काम करत आले होते.

पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टर देशकरांना त्या यंत्राविषयी विचारलं.

"सीटी स्कॅन," बाई म्हणाल्या. "एकदा करून घ्यायला हरकत नाही. डोक्यात गाठबीठ असेल तर दिसेल. पण मला वाटत नाही तसं काही असेल. आणि एक लक्षात ठेवा, चंदाचा आजार त्या फोटोत दिसत नाही. फोटो साफ आला म्हणजे आजार नाही, असं होत नाही."

"पाहू तर," गुणवंतराव म्हणाले.

स्कॅनच्या दिवशी चंदा सकाळपासून शांत होती. एसटीत आई मागच्या सीटवर होती; चंदा बापाच्या बाजूला बसून बाहेर पाहत राहिली. वरोऱ्याच्या पुढे गेल्यावर तिनं विचारलं, "बाबा, ते यंत्र डोक्याच्या आतलं सगळं दाखवते?"

"सगळं."

"मंग त्या दोघायचं बोलनं येईन का फोटोत?"

"काही असन तर दिसन," गुणवंतराव म्हणाले.

"दिसू दे," चंदा म्हणाली. "मंग तुमाले पटन."

थंडगार खोलीत मोठ्या पांढऱ्या कड्यासारखं यंत्र होतं. तिला अरुंद फळीवर निजवलं, डोकं पट्ट्यानं बांधलं, आणि फळी त्या कड्यात सरकवली. कमलाबाईंना वाटलं होतं ती घाबरेल, ओरडेल. ती हलली सुद्धा नाही. काचेपलीकडून गुणवंतराव पाहत होते. तिचे डोळे उघडे होते आणि दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या, परीक्षेच्या निकालाआधी आवळायची तशा.

तिथल्या डॉक्टरनं फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. तरुण होता, घाईत होता. "काही नाही," तो म्हणाला. "एकदम नॉर्मल आहे. गाठ नाही, सूज नाही, काही नाही. काळजी करू नका."

गुणवंतरावांनी एकदम त्याचा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. बाहेर येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "काहीच नाई निंगालं, पोरी. तुह्यं डोकं साफ हाय."

चंदानं त्यांच्याकडे पाहिलं. "नाई आले?"

"काहीच नाई."

"ते म्हनतच होते," ती म्हणाली. "म्हनत होते, आमी नाई सापडत."

गुणवंतरावांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी वाटेत संत्रा बर्फी घेतली आणि परतीच्या एसटीत शेजारच्या अनोळखी माणसालाही दिली.

फिल्म घेऊन ते डॉक्टर देशकरांकडे गेले, एकटेच. बाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "चांगलं झालं. आता औषध तसंच सुरू ठेवा."

"मॅडम, काही नाईच निंगालं तर औषध कायले?"

"मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. हा फोटो घराच्या भिंतींचा आहे. भिंती धड आहेत. आत कोण काय बोलतंय, ते त्यात येत नाही."

"आमच्या कामात असं चालत नाई," गुणवंतराव म्हणाले. "सुई ठीक दाखवत असन आन कोनी म्हनत असन की बॉयलर बिघडला, तर आमी त्या मानसाले तपासतो."

बाईंनी फिल्म त्यांच्याकडे सरकवली. "तुमच्याकडे सगळ्याच गोष्टींना सुई आहे का?"

गुणवंतराव फिल्म उचलून उठले. बाईंची चूक निघाली आणि ती त्यांना कबूल करायची नाही, असं त्यांना वाटलं. त्या महिन्यात त्यांनी औषध बंद केलं.

पहिले काही आठवडे असे गेले की कमलाबाईंनाही वाटलं, नवरा म्हणतो तेच खरं असेल. हातांची थरथर गेली. चेहऱ्यावरचा मेणचटपणा गेला. चंदा हसली, आईशी बाजाराला आली, वही उघडून गणितं सोडवू लागली. गुणवंतराव वसाहतीत भेटेल त्याला सांगत, "औषधानंच बिमार झाली होती पोरगी. डोकं तपासून आनलं, एकदम साफ." त्यांनी फिल्म कपाटात कपड्यांच्या घडीखाली सपाट ठेवली होती.

मग आवाज परत आले. या वेळी चंदानं कोणाला सांगितलं नाही. कमलाबाईंनी नळ वाहताना ऐकला तेव्हा कळलं. त्या न्हाणीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आत लेक कोणाला तरी काकुळतीनं म्हणत होती, "आता नाई सांगत ना मी कोनाले. आता तरी जा."

बारावीचा पेपर ती अर्ध्यातून सोडून आली. म्हणाली, मास्तर माझी उत्तरं बाकीच्यांना वाचून दाखवत होते. गुणवंतराव त्या वेळी नुकतेच ड्युटीवरून आले होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लेकीवर हात उचलला. गालावर बोटं उठली.

"यंत्र खोटं बोलत नाई," ते म्हणाले. "तू बोलतं."

चंदा रडली नाही. "हो बाबा," एवढंच म्हणाली.

त्यानंतर तिनं आवाजांचं नाव कधी काढलं नाही. विचारलं की म्हणायची, काही नाही, गेले. गुणवंतराव म्हणाले, पाहा, बरी झाली. कमलाबाई म्हणाल्या, "बरी नाई झाली. लपवून राह्यली. मी दिवसभर घरी असते. तुमी नसता."

"तुह्या डोळ्यानं दिसते आन यंत्राले दिसत नाई?"

कमलाबाई चौथी शिकलेल्या होत्या.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात गुणाबाईनं स्थळ आणलं. मुलगा खुशाल उंदिरवाडे, गडचिरोलीकडे मुलचेऱ्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. माणूस सरळ, व्यसन नाही. गुणाबाई म्हणाली, लग्न झालं की पोरींचं चित्त ठिकाणावर येतं. गुणवंतरावांना लपवाछपवी करायची नव्हती. मुलाकडचे पाहायला आले तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितलं की मुलगी मध्यंतरी आजारी होती, आणि कपाटातून फिल्म काढून आणली. "नागपूरले डोकं तपासलं. पाहा. काहीच नाई."

खुशालचे वडील बापूजी यांनी ती हातात घेतली, उलटी धरली, आणि मान डोलावली. खुशालनं ती उजेडाकडे धरून नीट पाहिली. त्यालाही त्यातलं काही कळत नव्हतं. त्यानं चंदाकडे पाहिलं. ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिचं लक्ष बैठकीत नव्हतं. तो लाजेपायी असेल असं त्याला वाटलं.

विहारात लग्न लागलं. वसाहतीतले सगळे आले. कमलाबाईंनी निरोप देताना जावयाला एका बाजूला घेतलं. "बाबू, तिले एकटी नोका ठेवू," त्या म्हणाल्या. आणखी काही सांगायचं होतं, पण नवरा जवळ आला.

मुलचेरा तेव्हा लहान गाव होतं. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला धानाची बांधी आणि बंगाली निर्वासितांच्या वस्त्या. खुशालनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. शेजारी मंडलबाई म्हणून एक बंगाली विधवा राहायची, तिच्या अंगणात डबक्यात बदकं होती. खुशाल सायकलनं शाळेत जायचा. चंदा दिवसभर एकटी असायची. तिथं नळ नव्हता, विहीर होती.

खुशालला कळायला वेळ लागला नाही. बायको भात शिजवताना मध्येच थांबते, कोणी हाक मारल्यासारखी वळते. रस्त्यानं चालताना कानांवर पदर घट्ट आवळून धरते. त्यानं रागावून विचारलं नाही. एका रविवारी अंगणात बसून त्यानं विचारलं, "काय आयकू येते तुले?"

चंदानं आधी आजूबाजूला पाहिलं. "सांगितलं तर बाबा मारतात."

"मी बाबा नाई."

मग तिनं सगळं सांगितलं. बाई, माणूस, बस, नळ. खुशालनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मले नाई आयकू येत. पन तुले येत असन."

एवढं बोलणारा तो पहिलाच माणूस होता. चंदा त्या दिवशी पोटभर जेवली.

पुढच्या सुट्टीला खुशाल एकटाच ऊर्जानगरला गेला. सासऱ्यांना विचारलं, तिचं औषध कोणतं होतं, डॉक्टर कोण होते. गुणवंतरावांनी पुन्हा कपाट उघडलं.

"हे पाहून झालं ना तुमचं, मास्तर?" ते म्हणाले. "तिले लाडावू नोका. तिच्या म्हनन्यात आले की ते वाढते. आमी भोगलं हाय."

"बाबा, पन तिले खरंच तरास हाय."

"डोक्यात काही असतं तर दिसलं असतं."

कमलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. जावई निघाला तेव्हा त्या फाटकापर्यंत मागं आल्या आणि हळूच म्हणाल्या, "नागपूरले देशकर बाई हाय. सरकारी दवाखान्यात." खुशालनं नाव लक्षात ठेवलं. दिवाळीच्या सुट्ट्यांत चंदाला घेऊन जायचं त्यानं ठरवलं. एवढी घाई आहे असं त्याला वाटलं नाही. सासरा मोठ्या केंद्रात यंत्रांचं काम करणारा माणूस होता, आणि त्याचं बोलणं पुरतं चूक असेल असंही वाटलं नाही.

पोळ्याच्या आधी सलग पाऊस झाला. खुशाल शाळेत होता. दुपारी मंडलबाई बदकं हाकायला बाहेर आली तर चंदा ओसरीत भिंतीला टेकून बसलेली दिसली. तिच्या हातात छत्रीची काडी होती, आणि दोन्ही खांद्यांवर लुगडं रक्तानं भिजलेलं होतं. दोन्ही कानांतून रक्त येत होतं. तिचा चेहरा शांत होता.

मंडलबाई ओरडत धावली. चंदा मोठ्यानं म्हणाली, "काढून पाहत होती. फोटोत नाई आले ना."

माणसं जमली. खुशालला बोलावून आणलं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरनं कान साफ केले, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की हे आपल्याच्यानं होणार नाही, चंद्रपूरला न्या. पण दिना नदीला पूर होता. आष्टीकडचा रस्ता पाण्याखाली होता, एसटी बंद होती. खुशालनं जंगल खात्याची जीप मागितली. जीप पाण्यापर्यंत जाऊन परत आली. पूर उतरेपर्यंत चंदाला सडकून ताप चढला, कानांतून पू येऊ लागला. खुशाल आणि मंडलबाई पाळीपाळीनं तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते. ती तापात बडबडत होती, आणि मध्येच थांबून कोणाचं तरी ऐकून घेत होती.

चंद्रपूरच्या दवाखान्यात गुणवंतराव आणि कमलाबाई आधीच येऊन थांबले होते. स्ट्रेचरवरून चंदाला आत नेताना गुणवंतराव सोबत चालत तिला हाका मारत होते. तिनं मान वळवली नाही. ताप उतरल्यावर कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, उजवा कान पूर्ण गेला, डाव्यात थोडं उरलं असेल, कानाशी ओरडलं तर.

गुणवंतराव खाटेजवळ स्टुलावर बसले. "चंदा," ते म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले. मग वॉर्डातले सगळे वळून पाहतील एवढ्या मोठ्यानं.

चंदानं त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं. "बाबा, तुमी बोलून राह्यले का?" तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून ती फार मोठ्यानं बोलत होती. "तुमचं आयकू येत नाई. त्यायचंच येऊन राह्यलं."

खुशाल बाहेर व्हरांड्यात उभा होता. गुणवंतराव बाहेर आले तेव्हा त्यानं ओसरीत ती काय म्हणाली ते सांगितलं. फोटोत आले नाहीत म्हणून काढून पाहत होती. तो दोष देत नव्हता. त्याला तो निरोप वाटत होता, सांगायलाच हवा असा. गुणवंतराव भिंतीला धरून खाली बसले. येणारीजाणारी माणसं त्यांना ओलांडून जात होती. कमलाबाईंनी त्यांना उठवलं नाही. त्या लेकीजवळ आत बसून राहिल्या.

जखमा भरल्यावर तिला नागपूरला डॉक्टर देशकरांकडे नेलं. गुणवंतराव या वेळी बोलले नाहीत. कमलाबाई आणि खुशाल बोलले. बाईंनी चंदाचे कान पाहिले, आणि चष्मा काढून पुसला. मग औषध लिहिलं, सोबत थरथर कमी करणारी गोळी लिहिली.

"मॅडम, मी..." गुणवंतराव म्हणाले.

"वेळेवर द्या आता," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि दिलासाही नव्हता.

चंदाला ऊर्जानगरलाच ठेवलं. खुशाल सुरुवातीला दर महिन्याला यायचा, तिच्यासाठी पेरू, चिवडा घेऊन. तिच्यासमोर बसून पाटीवर लिहून शाळेच्या गमती सांगायचा. पुढे येणं लांबत गेलं. बापूजींनी सुनेला सोडण्याचं बोलणं लावलं होतं, त्यांना एकुलता मुलगा होता, वंशाचा प्रश्न होता. खुशालनं वर्षभर टाळलं. शेवटी सोडचिठ्ठी झाली. त्या दिवशी तो कमलाबाईंच्या पाया पडला आणि रडला. चंदानं मोठ्यानं विचारलं, का रडता.

औषधानं आवाज हळूहळू कमी झाले. आधी माणूस गेला, मग बाई कधीमधी येऊ लागली, मग तीही गेली. कमलाबाईंनी पाटीवर विचारलं, "आवाज?" चंदा म्हणाली, "गेले." आणि ओंजळीत तोंड घेऊन हुंदके देऊ लागली. आईला वाटलं आनंदानं रडते. "आता कोनीच बोलत नाई," चंदा म्हणाली.

त्यानंतर ती गोळी घ्यायला नाही म्हणू लागली. दात घट्ट मिटून बसायची. कमलाबाई थकायच्या. मग ते काम गुणवंतरावांनी घेतलं. जबरदस्ती ते करत नसत. तळहातावर गोळी ठेवून समोर बसायचे, ती घेईपर्यंत. कधी लवकर घ्यायची. कधी त्यांची ड्युटीची बस निघून जायची, तरी ते बसून राहायचे. केंद्रात साहेबांनी दोनदा मेमो दिला.

संध्याकाळी घरी आले की ते खिडकीशी खुर्ची ओढायचे, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी. चंदाला समोर बसवायचे आणि ओठ सावकाश हलवून दिवसभराचं सांगायचे. देवाजी ऑपरेटरच्या सायकलचं सीट कोणी चोरलं. कॅन्टीनमध्ये डाळ करपली. ते काही बोलके नव्हते. आयुष्यात एवढं ते कोणाशी बोलले नव्हते. तिला ओठ थोडे थोडे वाचता येऊ लागले होते, अवघड शब्द ते पाटीवर लिहायचे.

अशाच एका संध्याकाळी ते कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचं काहीतरी सांगत असताना चंदाची नजर त्यांच्यावरून सरली आणि तिचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता. गुणवंतराव बोलायचे थांबले. त्यांनी पाटी घेतली, घाईघाईत लिहिलं, "आले का परत?"

चंदानं वाचलं. मान हलवली.

"नाई," ती म्हणाली. "मीच बोलून राह्यली. माह्याच संगं."

स्वयंपाकघरात कमलाबाईंच्या हातातलं पातेलं थांबलं होतं. गुणवंतरावांनी पाटी पुसली, खुर्ची थोडी पुढे ओढली, आणि पट्टा कसा तुटला ते पहिल्यापासून पुन्हा सांगू लागले.